हॅस्केलचा प्रोग्राम कंपाइल होतो, उत्तरही बरोबर देतो, पण रखडतो आणि रॅम खातो: कुठून तपासायला लागायचं

लिहिण्याआधी एक सोय. खाली सगळ्या कमांड आणि फ्लॅग देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे. कॅपिटल की स्मॉल याने जिथे अर्थ बदलतो, तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं

यातलं एखादं तरी जुळायला हवं:

- लहान फाइलवर प्रोग्राम झटकन संपतो. फाइल दहापट केली की वेळ दहापट न होता त्याहून कितीतरी जास्त लागतो.
- चालताना मेमरी चढतच राहते, खाली येत नाही. शेवटी लिनक्सच प्रोग्राम मारतो आणि स्क्रीनवर नुसतं ‘किल्ड’ उरतं.
- सगळी फाइल वाचून झाल्यासारखी वाटते, आणि उत्तराची पहिली ओळ छापायच्या आधी भलामोठा खोळंबा होतो.
- लॅपटॉपवर बरा चालणारा प्रोग्राम ३२ कोअरच्या सर्व्हरवर जास्त हळू चालतो.
- ऑप्टिमायझेशन लावलं आणि मेमरी कमी व्हायची ती वाढली. हे क्वचित होतं, पण होतं.

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ किंवा ‘द इम्पॉसिबल हॅपन्ड’ असं काही छापून प्रोग्राम किंवा कंपायलर पडत असेल, तर ते दुखणं निराळं. थेट शेवटच्या भागावर जा.

उदाहरणाला सगळीकडे एकच प्रोग्राम घेतो: मराठी मजकुराची मोठी फाइल वाचून कोणता शब्द किती वेळा आला ते मोजणारा. वीस-पंचवीस ओळींत लिहून होतो आणि पुढचे बहुतेक घोटाळे त्याच्यात सुखाने नांदतात. कंपायलर जीएचसी, म्हणजे ग्लासगो हॅस्केल कंपायलर.

१. ऑप्टिमायझेशन चालू आहे का?

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. जीएचसीला नुसती फाइल दिली तर तो ऑप्टिमायझेशन करत नाही. डिफॉल्ट -ओ० असतो, ओ कॅपिटल. स्मॉल ओ टाकलात तर तो तयार होणाऱ्या फाइलचं नाव सांगायचा फ्लॅग आहे. जीएचसीआयमध्ये (जीएचसीचा ओळ टाकली की लगेच चालवणारा प्रॉम्प्ट) किंवा रनजीएचसीने (फाइल कंपाइल न करता थेट चालवणारी कमांड) चालवलेला कोड तर मशीन कोडपर्यंत पोचतच नाही, बाइटकोड म्हणून इंटरप्रिट होतो. याउलट कबाल हे प्रोजेक्ट बिल्ड करणारं साधन आपणहून -ओ१ लावतो. त्यामुळे तोच कोड एकाकडे पळतो आणि दुसऱ्याकडे रांगतो, आणि दोघंही शपथेवर सांगतात की आम्ही कंपाइल केलंय.

स्टॅक हे दुसरं बिल्डचं साधन वापरत असाल तर ‘--फास्ट’ या पर्यायापासून सावध राहा. फास्ट होतो तो बिल्ड, ऑप्टिमायझेशन बंद करून. कबालच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये कुणी घाईघाईत ‘ऑप्टिमायझेशन: फॉल्स’ लिहून ठेवलंय का, आणि प्रोफायलिंगचा बिल्ड चुकून चालू राहिलाय का, हेही पाहून घ्या.

सी भाषेत ऑप्टिमायझेशन बंद असलं तरी बेरीज ही बेरीजच असते. हॅस्केलमध्ये तसं नाही. कोणती किंमत नक्की लागणार आहे हे ओळखणारं विश्लेषण, फंक्शन जागच्या जागी उलगडणं, आकडा हीपवरच्या (प्रोग्राम चालताना वस्तू ठेवतो त्या मेमरीतल्या) डब्यातून काढून थेट रजिस्टरमध्ये नेणं, हे सगळं -ओ१ पासून सुरू होतं. त्याच्याशिवाय साध्या लूपमधला प्रत्येक मधला आकडासुद्धा हीपवर जागा अडवू शकतो. म्हणून -ओ० वर मोजलेल्या वेगावरून भाषेबद्दल, लायब्ररीबद्दल किंवा स्वतःच्या कोडबद्दल काहीच ठरवू नका. -ओ१ वरून -ओ२ वर गेल्याने मात्र चमत्कार होत नाही. कधी थोडा फायदा होतो, कधी नुसता कंपाइलचा वेळ वाढतो.

२. रनटाइमलाच विचारा

प्रोग्राम -आरटीएसऑप्ट्स लावून कंपाइल करा. त्याशिवाय रनटाइम, म्हणजे प्रोग्रामला जोडलेली आणि त्याची मेमरी सांभाळणारी यंत्रणा, बहुतेक पर्याय नाकारतो. मग चालवताना शेवटी ‘+आरटीएस -एस’ जोडा. आरटीएस कॅपिटल, एस स्मॉल. कॅपिटल एस दिलात तर कचरा, म्हणजे वापरून झालेली मेमरी, गोळा करण्याच्या प्रत्येक फेरीची ओळ छापली जाईल आणि तुम्ही त्यातच बुडाल.

प्रोग्राम संपल्यावर एक तक्ता येतो. त्याची पहिलीच ओळ हीपवर एकूण किती बाइट वाटले ते सांगते, आणि ती बघून लोक घाबरतात. शंभर जीबी! तिच्याकडे सध्या दुर्लक्ष करा. जीएचसीमध्ये हीपवर जागा घेणं म्हणजे एक पॉइंटर पुढे सरकवणं, आणि कचरा गोळा करताना फक्त जिवंत माल उचलून दुसरीकडे ठेवला जातो. लगेच मेलेल्या वस्तूंना वेळ लागत नाही.

बघायचं ते ‘मॅक्सिमम रेसिडेन्सी’, ‘एमयूटी’ आणि ‘जीसी’ यांचे वेळ, आणि ‘प्रॉडक्टिव्हिटी’. रेसिडेन्सी म्हणजे एका वेळी हीपवर जिवंत असलेला माल, एमयूटी म्हणजे तुमच्या कोडने खर्च केलेला वेळ, जीसी म्हणजे कचरा उचलण्यात गेलेला, आणि प्रॉडक्टिव्हिटी म्हणजे एकूण वेळेतला एमयूटीचा टक्का. फाइल दुप्पट करून पुन्हा चालवा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. इथून वाटा फुटतात.

रेसिडेन्सी फाइलबरोबर वाढत असेल आणि जीसीने निम्मा वेळ खाल्ला असेल, तर कुठेतरी काहीतरी धरून ठेवलं जातंय. क्रमांक ४, ५ आणि ६ तुमचे. रेसिडेन्सी चिमूटभर, पण एमयूटी भरपूर असेल तर ३, ७ आणि ८. दोन्ही लहान आणि घड्याळातला वेळ मात्र मोठा असेल, तर प्रोग्राम डिस्कची, नेटवर्कची किंवा डेटाबेसची वाट बघत बसलाय. कंपायलरचा तिथे काही संबंध नाही.

‘टोटल मेमरी इन यूज’ हा आकडा रेसिडेन्सीच्या दोन-तीनपट असला तर दचकू नका. जिवंत माल एकीकडून दुसरीकडे नकलताना थोडा वेळ दोन्ही प्रती मेमरीत असतात.

याच पायरीवर दोन स्वस्त बटणं दाबून बघता येतात. ‘-ए६४एम’, ए कॅपिटल, हे नव्या वस्तूंसाठीची जागा ६४ एमबी करतं. जीएचसी ९.२ पासून ती डिफॉल्टने ४ एमबी आहे, त्याआधी १ एमबी होती. रेसिडेन्सी कमी, पण जीसीच्या फेऱ्या फार, अशा प्रोग्रामला याने चांगला फरक पडतो. दुसरं बटण अनेक कोअरवाल्यांसाठी. -थ्रेडेड लावून ‘-एन’ दिलं, एन कॅपिटल, की जीसीसुद्धा सगळ्या कोअरवर समांतर चालतो आणि प्रत्येक लहान फेरीला सगळ्यांना एकमेकांसाठी थांबावं लागतं. ३२ कोअरवर हेच थांबणं महाग पडतं. ‘-एन४’ करून बघा किंवा ‘-क्यूजी’ने समांतर जीसी बंद करा. प्रोग्रामात समांतर काम नसेलच तर -एन काढूनच टाका. बऱ्याच जणांचा सर्व्हरचा प्रश्न इथेच संपतो.

रेसिडेन्सी चढतच असेल तर मात्र ही बटणं नुसती मुदत वाढवून देतात.

३. वॉर्निंग वाचा

-वॉल लावा, डब्ल्यू कॅपिटल. ‘टाइप डिफॉल्ट्स’ची वॉर्निंग दिसली की तिथे थांबा. प्रकाराची सही लिहिली नसेल तर कंपायलर आकड्याला बऱ्याचदा इंटिजर ठरवतो, म्हणजे कितीही मोठा होऊ शकणारा आकडा. त्याच्या प्रत्येक बेरजेला तो लहान आहे की मोठा हे बघावं लागतं. इंट लिहिलं की तीच बेरीज मशीनची एक सूचना होते. मोजायला इंट, आणि वरच्या पातळीवरच्या प्रत्येक फंक्शनला सही. बस.

४. स्ट्रिंग काढून टाका

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

हॅस्केलची स्ट्रिंग ही अक्षरांची लिंक्ड लिस्ट आहे. ६४ बिटच्या मशीनवर लिस्टचा प्रत्येक दुवा तीन वर्ड, म्हणजे २४ बाइट खातो. अक्षराची स्वतःची वस्तू वेगळी, ती दोन वर्डची, १६ बाइट. पण ० ते २५५ क्रमांकाची अक्षरं रनटाइमने आधीच बनवून ठेवलेली असतात आणि जीसी त्यांनाच पॉइंटर लावतो. इंग्रजी अक्षराला म्हणून २४ बाइट. देवनागरी त्या २५५ च्या बाहेर आहे, तेव्हा आपल्या प्रत्येक कोडपॉइंटला पूर्ण ४० बाइट पडतात. ‘नमस्कार’ मध्ये कोडपॉइंट सात: न, म, स, हलन्त, क, काना, र. स्ट्रिंगमध्ये झाले २८० बाइट. तोच शब्द टेक्स्ट या प्रकारात २१ बाइटांत मावतो, वर थोडा वरखर्च. शंभर एमबीची मराठी फाइल स्ट्रिंग म्हणून पूर्ण मेमरीत धरलीत तर सव्वा जीबीहून जास्त नुसती अक्षरांची, आणि जीसीच्या नकलांचं वेगळंच.

उपाय ‘डेटा.टेक्स्ट’. फाइल बाइटस्ट्रिंग म्हणून वाचा आणि ‘डीकोडयूटीएफ८’ने टेक्स्ट करा, म्हणजे सर्व्हरच्या लोकेलवरही अवलंबून राहावं लागत नाही. टेक्स्टची आवृत्ती २.० किंवा पुढची असू द्या. २०२१ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून आतली साठवण यूटीएफ-८ आहे. आधी ती यूटीएफ-१६ होती. खरं तर देवनागरीला तिथे दोनच बाइट लागायचे आणि आता तीन लागतात. पण फाइल यूटीएफ-८ मध्येच असते, त्यामुळे वाचताना-लिहिताना होणारं रूपांतर टळतं. मला हा सौदा परवडतो.

इथे एक सापळा आहे. वेगाच्या नादात काही जण टेक्स्ट सोडून ‘डेटा.बाइटस्ट्रिंग.चार८’ वापरतात. ते मॉड्यूल प्रत्येक अक्षराचे खालचे आठच बिट ठेवतं आणि बाकीचे मुकाट्याने टाकून देतं. न चा कंस होतो, म चं टिंब होतं, र चं शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही. चाचण्या इंग्रजी मजकुरावर असतील तर सगळ्या पास होतात आणि भांडं फुटतं ते पहिली मराठी फाइल आल्यावर.

जाता जाता: शब्द तोडायला ‘इझअल्फा’ वापरू नका. युनिकोडच्या लेखी काना-मात्रा अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत, म्हणून ‘इझअल्फा’ त्यांना नाही म्हणतं आणि ‘पाणी’चे तुकडे होतात. ‘टेक्स्ट’चं ‘वर्ड्स’ रिकाम्या जागेवर तोडतं, ते चालतं. विरामचिन्हं काढायची तर ‘इझमार्क’ची अट जोडा.

५. उधारी शोधा

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींची मोठी रास इथे येऊन थांबते, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

हॅस्केल लेझी आहे. किंमत मागितल्याशिवाय हिशोब होत नाही. तोवर ‘हे काम करायचंय’ अशी एक वस्तू हीपवर बसते, तिला थंक म्हणतात. वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखी. एखादी असली तर काही बिघडत नाही, पण फेडल्याशिवाय रोज नवी चढत गेली तर वहीच पुरत नाही. एका थंकला कमीत कमी १६ बाइट, आणि त्याने पकडून ठेवलेल्या प्रत्येक चलाचे ८ बाइट वर. शिवाय ज्या वस्तू पकडल्या त्याही जिवंत राहतात.

आपल्या शब्द मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘डेटा.मॅप’ (शब्दासमोर, म्हणजे कीसमोर, त्याची किंमत ठेवणारा तक्ता) वापरलाय आणि प्रत्येक शब्दाला ‘इन्सर्टविथ’ने एक मिळवलाय असं धरा. ‘आहे’ हा शब्द फाइलमध्ये एक लाख वेळा आला. तुमची अपेक्षा, मॅपमध्ये ‘आहे’ समोर १००००० असा आकडा असेल. प्रत्यक्षात तिथे १ + (१ + (१ + … अशी एक लाख थंकांची साखळी लोंबकळत असते. वाचून होईपर्यंत कुणी तो आकडा मागितलेलाच नसतो. छापायची वेळ आली की सगळी साखळी एकदम उलगडावी लागते, आणि पहिल्या ओळीच्या आधीचा तो खोळंबा हाच.

पूर्वी अशा वेळी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ यायचा, कारण स्टॅकची (अर्धवट हिशोब ठेवायच्या मेमरीची, वरचं बिल्डचं साधन नव्हे) मर्यादा ८ एमबी होती. जीएचसी ७.८ पासून ती मर्यादा डिफॉल्टने मशीनच्या रॅमच्या ८० टक्के झाली. आता एरर येत नाही, नुसती रॅम जाते. दुखणं तेच, ओरडणं बंद.

उपाय एका ओळीचा: इम्पोर्ट ‘डेटा.मॅप.स्ट्रिक्ट’ करा. प्रकार तोच, फंक्शनांची नावं तीच, फक्त किंमत ठेवण्याआधी तिचा हिशोब केला जातो.

मग एवढा हुशार कंपायलर हे आपणहून का करत नाही? कारण तसं केल्याने प्रोग्रामचा अर्थ बदलू शकतो. लेझी मॅपमध्ये एखादी किंमत कधीच न मागितली जाण्याची मुभा आहे. तिच्या हिशोबात शून्याने भागाकार असला तरी प्रोग्राम पडता कामा नये. किंमत नक्की लागणार हे सिद्ध करता आलं तरच कंपायलर आधी हिशोब करतो. साध्या ‘फोल्डएल’ने (लिस्टवरून चालत एकच उत्तर जमवणारं फंक्शन) इंटची बेरीज केलीत तर -ओ१ वर त्याला ते सिद्ध करता येतं आणि सुबक लूप निघतो. मॅपच्या पोटातल्या किमतीबद्दल येत नाही.

याच जातीच्या जागा:

‘फोल्डएल’ऐवजी ‘फोल्डएल प्राइम’ लिहा, म्हणजे नावाच्या शेवटी ' ही खूण असलेलं लगेच हिशोब करणारं रूप. जीएचसी ९.१० पासून तो प्रिल्यूडमध्येच (इम्पोर्ट न करता मिळणाऱ्या मॉड्यूलमध्ये) मिळतो, त्याआधी ‘डेटा.लिस्ट’मधून घ्यावा लागतो. पण प्राइम लावला म्हणजे सुटलो असं नाही. तो फक्त बाहेरचं कवच उघडतो. ॲक्युम्युलेटर, म्हणजे आतापर्यंत जमलेलं उत्तर, बेरीज आणि संख्या यांची जोडी असेल तर जोडी तयार होते आणि आतले दोन्ही आकडे उधारच राहतात. जोडीच्या जागी स्वतःचा डेटा प्रकार करा आणि दोन्ही फील्डना उद्गारचिन्ह लावा. मोठ्या प्रोजेक्टात मॉड्यूलच्या डोक्यावर ‘स्ट्रिक्टडेटा’ एक्स्टेन्शन लावणं मला जास्त आवडतं, जीएचसी ८.० पासून आहे.

‘मॉडिफायआयओरेफ’ने काउंटर वाढवत असाल तर तिथेही प्राइमवालं रूप. वेब सर्व्हरमधला ‘आजवर किती रिक्वेस्ट आल्या’ हा काउंटर, जो कुणी बघतच नाही, हे ठरलेलं ठिकाण.

‘कंट्रोल.मोनॅड.स्टेट.स्ट्रिक्ट’ हे नाव बघून निर्धास्त होऊ नका. त्यातली पायऱ्यांची जोडणी स्ट्रिक्ट आहे, स्टेटमधली किंमत नाही. ‘मॉडिफाय प्राइम’च लागतो.

सरासरी काढताना लिस्टची बेरीज भागिले लिस्टची लांबी असं लिहिलं की बेरीज करताना लिस्ट फेकता येत नाही, लांबीसाठी ती लागणार असते. सगळी मेमरीत राहते. एकाच फेरीत दोन्ही मोजा.

उधारी आहे की नाही हे ओळखायची एक युक्ती नील मिचेल यांनी २०१५ मध्ये मांडली, ती अजून कामाला येते. प्रोग्राम मुद्दाम चिमूटभर स्टॅक देऊन चालवायचा: ‘+आरटीएस -के१के’, दोन्ही के कॅपिटल. लांब साखळी उलगडायला स्टॅक लागतो, तो नसल्याने प्रोग्राम तिथेच आपटतो. प्रोफायलिंगच्या बिल्डवर सोबत ‘-एक्ससी’ दिलंत तर कुठे आपटला तेही छापतो. मोठ्या लिस्टवर आयओमधलं ‘मॅपएम’सुद्धा स्टॅक खातं, तेव्हा प्रत्येक आपटणं म्हणजे उधारीच असं समजू नका, मर्यादा थोडी वाढवत पुन्हा बघा.

एक विनंती. चिडून सगळीकडे ‘डीपसीक’, म्हणजे किंमत आतपर्यंत पूर्ण मोजायला लावणारं फंक्शन, शिंपडू नका. लूपच्या प्रत्येक फेरीत पूर्ण मॅपवर डीपसीक म्हणजे दर फेरीला अख्खा मॅप पुन्हा चालणं. मेमरी सुटते आणि वेळ वर्गाच्या पटीत वाढतो. योग्य जागी एक उद्गारचिन्ह पुरतं.

६. हीपचा आलेख काढा

वरच्या तपासण्यांनी भागलं नाही तर अंदाज बांधणं थांबवा आणि चित्र बघा. ‘+आरटीएस -एचटी’, एच स्मॉल, टी कॅपिटल. याला प्रोफायलिंगचा बिल्डही लागत नाही. तयार झालेली डॉट एचपी फाइल ‘एचपी२पीएस’ला द्या.

आलेखात ‘थंक’चे पट्टे चढताना दिसले तर पाचव्या क्रमांकात काहीतरी सुटलंय. मॅपच्या ‘बिन’चा पट्टा चढत असेल तर तो लीक (नको असलेली मेमरी धरून ठेवणं) नसूही शकतो, नवे शब्द येतायत म्हणून माल खरंच वाढतोय.

‘एआरआर_वर्ड्स’चा, म्हणजे टेक्स्टच्या आतल्या बाइटांच्या बफरचा, पट्टा चढत असेल तर गंमत आहे. टेक्स्टमधून तोडलेला शब्द ही नवी प्रत नसते, मूळ बफरमध्ये दाखवलेलं एक बोट असतं. तो शब्द मॅपची की झाला की सगळा बफर त्याच्यासोबत जिवंत. पूर्ण फाइल एकदम वाचलीत तर एकट्या ‘पावसाळा’पायी शंभर एमबी अडकून राहतात. की मॅपमध्ये पहिल्यांदा घालताना ‘टेक्स्ट’चं ‘कॉपी’ फंक्शन लावा. छोटी प्रत होते, मोठा बफर सुटतो. जेसनमधून एखादंच नाव काढून वर्षभर कॅशमध्ये ठेवणाऱ्या सर्व्हरांना हेच होतं.

लिस्टचे दुवे चढत असतील तर दोन संशयित. एक, वरच्या पातळीवर नाव देऊन ठेवलेली मोठी लिस्ट; तिचा कुठे वापर शिल्लक असेपर्यंत ती सुटत नाही. दुसरा, ऑप्टिमायझेशनच. कंपायलर फंक्शनच्या आत दर वेळी बनणारी लिस्ट बाहेर काढून सामायिक करतो, पुन्हा बनवायचं काम वाचावं म्हणून. काम वाचतं आणि लिस्ट मात्र मेमरीत मुक्काम ठोकते. -ओ लावल्यावर मेमरी वाढली, हे लक्षण त्यातलं. त्या एका मॉड्यूलला ‘-एफनो-फुल-लेझीनेस’ लावा, अख्ख्या प्रोजेक्टला नको.

वस्तू कोडच्या कोणत्या ओळीत जन्मली हे हवं असेल तर जीएचसी ९.२ पासून ‘-एफइन्फो-टेबल-मॅप’ लावून कंपाइल करा आणि ‘-एचआय’ने चालवा. जुन्या जीएचसीवर सगळ्या लायब्ररींसकट प्रोफायलिंगचा बिल्ड करावा लागतो, त्याला वेळ जातो.

७. वेळेचा प्रोफाइल

मेमरी सपाट, तरीही हळू? मग -प्रॉफ, म्हणजे वेळ मोजणारा प्रोफायलिंगचा बिल्ड. इथे ‘-एफप्रॉफ-ऑटो’ वापरलं की प्रत्येक फंक्शनवर मोजणीची खूण बसते आणि ती खूण ऑप्टिमायझेशनला आडवी येते. मग तुम्ही मोजता तो प्रोग्राम आणि चालवता तो प्रोग्राम एक राहत नाहीत. जीएचसी ९.४ पासून ‘-एफप्रॉफ-लेट’ आहे, ते खुणा ऑप्टिमायझेशननंतर लावतं. तेच वापरा.

सगळ्यात महाग फंक्शन कोणत्याही प्रकारावर चालणारं, टाइपक्लासवालं असेल आणि दुसऱ्या मॉड्यूलमध्ये राहत असेल, तर त्याला प्रत्येक वेळी डिक्शनरी, म्हणजे त्या प्रकारासाठीच्या फंक्शनांची यादी, दिली जाते आणि बेरीजसुद्धा त्या डिक्शनरीतून शोधून करावी लागते. फंक्शनला ‘इनलाइनेबल’ प्राग्मा लावा, किंवा तुमचा नेमका प्रकार सांगून ‘स्पेशलाइझ’.

८. कोर वाचा, पण एकाच फंक्शनचा

जीएचसी तुमचा कोड आधी कोर नावाच्या छोट्या भाषेत उतरवतो, आणि खरं ऑप्टिमायझेशन तिथेच होतं. मग एसटीजी, जिची यंत्ररचना सायमन पेटन जोन्स यांनी १९९२ मध्ये मांडली, मग सी--, मग मशीन कोड. कोरमध्ये उधारी राहिली असेल तर खालच्या पायऱ्या ती फेडत नाहीत, इमानेइतबारे मशीन कोडमध्ये उतरवतात.

‘-डीडंप-सिम्पल -डीसप्रेस-ऑल -डीडंप-टू-फाइल’, आणि जो मजकूर निघेल त्यातलं फक्त ते एक महाग फंक्शन शोधा. ‘केस’ म्हणजे इथे हिशोब होतोय. ‘लेट’ म्हणजे इथे हीपवर जागा जातेय. लूपच्या आत आकड्यासाठी ‘लेट’ दिसला तर तो थंक. डॉलर आणि डब्ल्यूने सुरू होणारं नाव दिसलं आणि त्याला हॅशवाले इंट जात असतील तर छान, आकडे डब्याबाहेर आले. डॉलर-डीने सुरू होणारं काही लूपभर सोबत फिरत असेल तर ती डिक्शनरी. सातव्या क्रमांकावर परत.

९. एलएलव्हीएम सगळ्यात शेवटी

-एफएलएलव्हीएम हा, एलएलव्हीएम या वेगळ्या प्रकल्पाकडून मशीन कोड काढून घेण्याचा, पर्याय जीएचसीत २०१० पासून आहे. ॲरेवर आकडेमोड करणाऱ्या घट्ट लूपना त्याचा फायदा होऊ शकतो. तुमच्या जीएचसीला चालणारी एलएलव्हीएमची नेमकी आवृत्ती मात्र शोधून बसवावी लागते. लोक यानेच सुरुवात करतात: मॅपमध्ये लाखाची उधारी आणि हे कोड जनरेटर बदलतायत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जुन्या उत्तरांत ‘-एफव्हाया-सी’ही सुचवलेलं सापडेल. त्या काळी जीएचसी सी कोड काढायचा, तो जीसीसीला द्यायचा आणि निघालेली असेम्ब्ली ‘ईव्हिल मँगलर’ नावाच्या पर्ल स्क्रिप्टने मुरडायचा. ते दिवस गेले, फ्लॅगचाही उपयोग उरला नाही.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

रेसिडेन्सी सपाट, प्रॉडक्टिव्हिटी नव्वदच्या वर, कोर स्वच्छ, आणि तरीही हळू: कंपायलरशी झगडणं इथे थांबवा. दोष अल्गोरिदममध्ये आहे. ‘नब’ (लिस्टमधली पुनरावृत्ती काढणारं फंक्शन) मोठ्या लिस्टवर लावलाय का ते बघा, तो वर्गाच्या पटीत वाढतो. नाहीतर त्या विषयातला माणूस शोधा. हॅस्केलवाला कामाचा नाही.

कंपायलर स्वतःच ‘द इम्पॉसिबल हॅपन्ड’ म्हणून पडला तर तो जीएचसीचा बग आहे, आणि संदेशातच कळवा म्हणून लिहिलेलं असतं. कोड कापत कापत लहानात लहान करा आणि जीएचसीच्या गिटलॅबवर नोंदवा. फ्लॅग बदलून तो दडपला तर पुढच्या आवृत्तीत परत भेटेल.

चालणारा प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देत असेल किंवा ‘स्ट्रेंज क्लोजर टाइप’ म्हणत असेल तर आधी तुमच्या कोडमधलं अनसेफने सुरू होणारं सगळं आणि सीला जाणारे कॉल तपासा. तिथे काही सापडलं नाही तर स्वतः खोलात जाऊ नका. मेमरी बिघडलेल्या प्रोग्रामवर घेतलेलं कुठलंही माप खोटं असतं.

तोच कोड जीएचसीची आवृत्ती बदलल्यावर मंदावला, तर दोन्ही आवृत्त्यांचे -एसचे तक्ते जोडून तिकीट टाका. प्रोफाइल लायब्ररीच्या आत बोट दाखवत असेल तर ती सांभाळणाऱ्यांना कळवा, स्वतःची फोर्क घेऊन बसू नका.

आणि ज्यावर पैसे चालतात असा सर्व्हर आठवड्याला एकदा मेमरी संपून पडतोय, घरी मात्र काही केल्या तसं होत नाही, तर पगारी माणूस बोलवा. चालू प्रोसेसचा हीप आतून बघायला ‘जीएचसी-डीबग’ आहे, पण त्याचं चित्र वाचायला रनटाइमची सवय लागते आणि ती शिकायची जागा प्रॉडक्शन नव्हे. त्या माणसासाठी आधीच तयार ठेवा: जीएचसीची नेमकी आवृत्ती, कबालची फ्रीझ फाइल, लहान आणि दुप्पट इनपुटवरचे -एसचे दोन तक्ते, -एचटीचा आलेख, आणि रखडवणाऱ्या इनपुटचा एक नमुना ज्यात ग्राहकांचा खाजगी मजकूर नाही.